चार बोटं अलीकडे

आधी स्टूल.
झांजांचं नंतर बघू.
मांड्या जराशा उतरत्या हव्यात,
म्हणजे पाय आपसूक पुढे जातो
आणि जिथे टेकतो
तिथे पेडल ठेवायचं.
पेडल असेल तिथे पाय न्यायचा नाही.

हे मी आता सांगते.
मला बावीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

कुर्ल्याच्या ख्रिश्चन गावात, विहिरीमागच्या खोलीत
अन्सेल्म काकाचा ड्रमसेट असायचा.
लग्नांचा, उंबराच्या पाण्याचा,
एकदा कॅरम स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचासुद्धा.
डोक्यावरून विमान उतरायला लागलं की काका हात वर करायचा,
आम्ही थांबायचो,
मग पुन्हा एकपासून.

सतरंजीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या.
तीन स्नेअरला,
आणि पार डावीकडे, सतरंजी संपायच्या बेतात,
हाय-हॅटच्या तीन.
तिथवर पोचायला मी खांदा उचलायचे,
कंबरेतून झुकायचे,
उजवा हात डाव्यावरून नेताना
कोपर मध्येच अडायचं,
चाळीच्या जिन्यात कपाट अडतं तसं.

मला वाटायचं, हीच बैठक.
गवयांची असते तशी, घराण्याची.
आम्ही चौघं शिकायचो, चौघंही तसेच झुकायचो.
एका लग्नात मांडववाला म्हणाला,
ही अन्सेल्मची पोरं, लांबून कळतात.
केवढी फुशारले होते मी!
त्या रात्री खांद्याला बाम चोळतानासुद्धा.

गेल्या मार्चमध्ये माझ्याकडे झुलेखा आली. वय वर्षं नऊ.
बसली. हात लांब करून पाहिला.
उठली,
आणि अख्खा स्टँड ओढून घेतला
जेवायला बसताना ताट ओढून घ्यावं तसा.
मी ओरडले.
का ओरडले ते मात्र सांगता येईना.

रविवारी काकाकडे गेले.
ओट्यावर वाल सोलत होता,
डावा पाय सरळ, समोरच्या स्टुलावर.
तो पाय मी कायम तसाच पाहत आले होते,
म्हणजे पाहिलाच नव्हता.
काका, हाय-हॅट एवढं लांब का रे ठेवायचास?
त्याने साल सुपात टाकलं,
गुडघ्यावर टिचकी मारली.
"चौऱ्याऐंशी साली, भाऊच्या धक्क्यावर
लाँच आणि पायरीच्या मध्ये सापडला.
तेव्हापासून वाकत नाय.
पाय जिथं जाईल तिथं स्टँड. दुसरं काय करणार?"
मग माझ्या पायांकडे बघून,
खरोखर नवल वाटून,
"तुमचे तर वाकतात ना?"

रात्री खुणा नखाने उपटल्या.
दोन निघाल्या.
तिसरी सतरंजीचे धागे घेऊन यायला लागली,
ती राहू दिली.
स्टँड चार बोटं अलीकडे, जरासा उजवीकडे.
स्नेअरपासून झांजा वीतभर वर.
दोघींमध्ये करंगळी जाईल एवढी फट.
खालची किंचित कलती,
नाहीतर हवा आत कोंडते
आणि मिटताना आवाज गिळून टाकते.
पाय टेकला.
पेडल तिथेच होतं.
च्याक.
खांदा खाली आला. मला ठाऊकही नव्हतं
तो इतका खाली येतो.

वाटलं, झालं.
पण पुढचे चार दिवस
हात जुन्या जागीच जात राहिला.
झुलेखा पोट धरून हसायची.
मी हवेवर काठी मारत होते,
न चुकता, लयीत,
एका माणसाचा पाय वाकत नव्हता
बरोबर त्या जागी.